वाहाकाची एक दिवसाची सहल : मित्लाचे अवशेष, तेओतित्लानचे माग आणि मेस्कालची भट्टी – थांबे कसे लावावेत?

सह्यकडा
मेक्सिकोतलं वाहाका शहर (लिहिताना ओआहाका दिसतं, म्हणतात वाहाका). तिथून पूर्वेच्या त्लाकोलुला खोऱ्यातली एक दिवसाची सहल जवळपास प्रत्येक टूरवाला विकतो आणि सगळ्यांचा साचा एकच असतो: तुलेचं झाड, तेओतित्लान देल वाये इथले विणकर, मित्लाचे अवशेष, येर्वे एल आग्वाचे 'दगडी धबधबे' आणि परतताना मेस्काल या स्थानिक दारूची भट्टी. पाच थांबे, दहा-अकरा तास.

चौघांसाठी गाडी आणि वाटाड्या ठरवायचाय. दोघं शाकाहारी. पाचपैकी काय गाळावं, क्रम काय लावावा, प्रत्येक ठिकाणी नेमकं काय बघावं-विचारावं आणि खरेदीत काय तपासावं, हे जाणकारांनी लिहावं. 'सगळंच छान आहे' असे प्रतिसाद नकोत :)

नकाशेवाला
गणित आधी मांडू. शहर ते मित्ला साधारण ४५ किमी, सपाट रस्ता, तासाभरात पोचता. तुले याच रस्त्यावर शहरापासून दहा-बारा किमीवर. तेओतित्लान पण याच रस्त्यावरून डावीकडे चारेक किमी आत. भट्ट्यांचं गाव सान्तियागो मातात्लान मित्लाच्या फाट्यापासून पुढे. म्हणजे चार थांबे एका दोरीत ओवल्यासारखे आहेत. पाचवं येर्वे एल आग्वा तेवढं दोरीबाहेर. मित्लापासून पुढे डोंगरातला रस्ता, जायला पाऊण ते एक तास, यायला तेवढाच, वर तिथे खाली उतरून चढायचं. या एका थांब्याने दिवसाचे साडेतीन-चार तास जातात आणि त्याची भरपाई बाकीच्या थांब्यांतून होते: मित्लाला ४० मिनिटं, मागावर २५, भट्टीवर नुसते चार घोट आणि बाटल्यांचं दुकान.

म्हणून ते गाळा. शिवाय तिथल्या गावांमधल्या जमिनीच्या वादामुळे ते मध्येच बंद होतं. निघायच्या आदल्या दिवशी विचारलं तरी सकाळी फाटकाला कुलूप असू शकतं.

तुले मात्र थांबा म्हणून धरूच नका. वीस मिनिटं पुरतात. माँटेझुमा सायप्रसचं एकच झाड, खोडाचा घेर ४२ मीटरच्या आसपास. अनेक झाडं जुळून हे झालं असावं असा संशय होता, डीएनए तपासणीत एकच झाड निघालं. घेर नजरेत भरायला लांबून बघावं, कुंपणाशी जाऊन नुसती साल दिसते.

खडीसाखर
येर्वे गाळा हे पटलं, पण ते 'नुसतं फोटोचं ठिकाण' असं कुणी समजू नये. नावाचा अर्थ 'पाणी उकळतंय' असा असला तरी पाणी कोमटही धड नसतं, २२ ते २५ अंश. बुडबुडे येतात ते वायूचे. पाण्यातला चुना कड्यावरून ओघळताना थरावर थर साचून गोठलेला धबधबा झालाय. आणि त्या उतारावर दगडात कोरलेले पाटाच्या पाण्याचे जुने कालवे आहेत, इसवी सनापूर्वीच्या काळातले. तेही अवशेषच. दुसरा दिवस असेल तर सकाळी सातला निघून फक्त तेवढंच करावं. त्याला पोहणं आणि भट्टी जोडू नये, चढ उन्हातला आहे.

चिरेबंदी
मित्लाबद्दल लिहितो, कारण तिथे वाटाडे हमखास 'नरबळी आणि भुयारं' यावर घसरतात आणि खरी गोष्ट राहून जाते.

झापोतेक या इथल्या मूळ लोकांच्या भाषेत जागेचं नाव ल्योबा, म्हणजे विसाव्याची जागा. 'मित्ला' हे नाव नाहुआत्ल या अॅझ्टेकांच्या भाषेतल्या मिक्त्लानवरून आलं, मृतांचं ठिकाण. मोन्ते आल्बान ही झापोतेकांची जुनी राजधानी ओस पडू लागल्यावर हे मोठं झालं आणि स्पॅनिश आले तेव्हा नांदतं होतं. म्हणून इथे पिरॅमिड शोधू नका. बसक्या, लांबट, चौकाभोवती बांधलेल्या इमारती आहेत. भूकंपाच्या पट्ट्यात त्या टिकल्या त्याचं एक कारण हाच बसकेपणा.

बघायचं ते भिंतींवरचं पायऱ्या-नागमोडीचं नक्षीकाम, स्थानिक शब्द ग्रेकास. दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले की पैसे वसूल. एक: हजारो छोटे दगडी तुकडे मापात घडवून एकमेकांशेजारी बसवलेले. सांध्यात चुना दिसत नाही. प्रत्येक तुकड्याचं मागचं शेपूट भिंतीच्या मातीच्या गाभ्यात रुतलेलं असतं, पुढे फक्त तोंड. दोन: दारावरच्या अखंड शिळेत तीच नक्षी कोरून काढलेली, तिथे तुकडे नाहीतच. जवळ जाऊन सांध्याच्या रेघा शोधल्या की कळतं. काही कोपऱ्यांत गिलाव्याचा लाल रंग अजून शिल्लक आहे. मूळ भिंत लाल जमिनीवर पांढरट नक्षी अशी होती, आजच्या मातकट दगडावरून ती कल्पना येत नाही.

स्तंभांचा चौक आधी करा. सहा अखंड दगडी खांबांचं दालन, त्याच्या मागून एक अरुंद, काटकोनात वळणारी बोळ आतल्या चौकात जाते. तिथे छत ठेंगणं आहे, उंच माणसांची डोकी आपटतात. आतल्या चारही खोल्यांत भिंतभर नक्षी आहे. थडग्यांत उतरायचं तर वाकून, जवळपास रांगत. गुडघे किंवा दमा असेल तर नको, शिवाय ती अधूनमधून बंदही ठेवतात. मग चर्चचा चौक: सान पाब्लोचं चर्च सोळाव्या शतकात थेट जुन्या चौकावर आणि जुन्याच दगडांनी उभं केलंय. चर्चच्या बाजूच्या भिंतीत नक्षीचे पट्टे दिसतात.

भुयारांचं म्हणाल तर १६७४ मध्ये फ्रान्सिस्को दे बुर्गोआ या धर्मगुरूने जमिनीखालच्या दालनांबद्दल लिहून ठेवलं होतं. २०२२ मध्ये रडार, विद्युत-रोध आणि भूकंपलहरी अशा तीन पद्धतींनी चर्चखाली तपासणी झाली आणि पोकळ्या असल्याचं दिसलं. वाटाड्या 'पाताळाचं दार सापडलं' म्हणाला तर हसून सोडून द्या. पोकळी दिसली म्हणजे दालन सापडलं असं नाही, त्याला उत्खनन लागतं.

वेळ: दीड तास, कमी नाही.

नकाशेवाला
एक भर. जागतिक वारसा म्हणून 'मित्ला' सांगतात त्यात घोटाळा असतो. २०१० साली यादीत गेल्या त्या यागुल आणि मित्ला परिसरातल्या प्रागैतिहासिक गुहा. तिथल्या एका गुहेत दहा हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्या. १९८७ साली गेलं ते वाहाका शहर आणि मोन्ते आल्बान. मित्लाच्या इमारती या दोन्हीत नाहीत.

चिरेबंदी
बरोबर. राहिलं होतं.

धोटा
आता क्रमाचा वाद. टूरवाले आधी माग, मग अवशेष, शेवटी भट्टी असा लावतात. त्यात मित्ला बरोबर डोक्यावरच्या उन्हात येतं. उठावाचं काम तिरप्या उन्हात उमटतं, दुपारी बाराला तीच भिंत सपाट दिसते. म्हणून शहरातून थेट मित्ला, उघडायच्या वेळेला दारात. तुले, तेओतित्लान परतीच्या वाटेवर.

दुसरा फायदा: तेओतित्लानच्या गालिच्यांवरची निम्मी नक्षी मित्लाच्या भिंतीवरून आलेली आहे. भिंत आधी बघितली की मागावर 'ही कुठून उचलली' ते विचारता येतं आणि विणकर पण मग खुलून बोलतात.

पहिली_धार
मग भट्टी मध्ये येणार! मित्लाहून मातात्लान, तिथे सहा प्रकारची चव, आणि मग गालिचा घ्यायला जायचं? विक्रेत्यांना आवडेल असा क्रम आहे :D

धोटा
हो, ती अडचण आहेच. दोन उपाय. एक, पाकिटाचा मालक चव घेत नाही. दोन, भट्टी तेओतित्लानच्या नंतर ठेवायची आणि मातात्लानऐवजी त्लाकोलुला ते शहर या पट्ट्यातली निवडायची. मला दुसरा बरा वाटतो.

पहिली_धार
भट्टी पट्ट्यातली चालेल, पण एक अट. तिथे त्या दिवशी काम चालू आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. त्यावर सविस्तर खाली लिहितो, आधी मागाचं होऊ दे.

धोटा
मागाचं.

स्पॅनिशांच्या आधी इथे कमरेला पट्टा बांधून विणायचा माग होता आणि सूत कापसाचं. मेंढ्या आणि पायाने चालवायचा मोठा माग सोळाव्या शतकात आले. आज तेओतित्लानमध्ये दिसतात ते हे पायमाग. ताणा (उभे धागे) पूर्ण झाकला जाईल इतका बाणा (आडवे धागे) ठासून बसवतात. नक्षी बाण्याच्या रंगांनीच होते, वरून भरतकाम नसतं. म्हणून चांगला गालिचा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

प्रात्यक्षिकात तीन गोष्टी दाखवतात: लोकर पिंजणं, चरख्यावर सूत, आणि रंग. पहिल्या दोन लवकर उरकू द्या, वेळ रंगावर घालवा.

लाल रंग कोचिनील किड्याचा. आपल्याकडे 'किरमिजी' म्हणतो त्या रंगाचाच हा मेक्सिकन भाऊ, पण किडा वेगळा. तो निवडुंगाच्या फड्यावर पांढऱ्या बुरशीसारखा बसलेला असतो. वाळवून दळतात. एक किलो वाळलेल्या मालाला सुमारे दीड लाख किडे लागतात, महागाईचं कारण तेच. कारागीर किडा तळहातावर चिरडून दाखवतो. लिंबू पिळलं की केशरी-लाल, त्यावर चुना किंवा सोडा टाकला की जांभळा. आम्ल-अल्कलीचा खेळ आहे, जादू नाही. याच एका किड्यातून पंधरावीस छटा काढतात.

प्रमाण विचारलं तर सांगतात. सर्वसाधारण हिशोब असा: कोरड्या लोकरीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी, ५ ते १० टक्के कोचिनील. म्हणजे एक किलो लोकरीला १००-१५० ग्रॅम तुरटी, ५०-१०० ग्रॅम किडा. तुरटी आधी, कारण तिच्याशिवाय रंग धाग्याला धरत नाही, धुतला की उतरतो. पाणी हळूहळू तापवायचं, खळखळ उकळू द्यायचं नाही, आणि गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकायची नाही. झटका बसला की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखी जाड होते, मग ते सूत मागावर निरुपयोगी. भांडं लोखंडी असेल तर लाल मंद होऊन जांभळट-करडा होतो. तांब्याचं भांडंही छटा बदलतं. म्हणून स्टील किंवा न उडालेला एनॅमल.

निळ्याला तुरटी लागत नाही. नीळ आंबवलेल्या हौदात पिवळट-हिरवी असते, सूत बाहेर काढून हवा लागली की डोळ्यांसमोर निळं होतं. एकदा बुडवून आकाशी, पाच-सहा वेळा बुडवून गडद. हिरवा हवा तर आधी पिवळा (झेंडूच्या जातीची फुलं), मग नीळ. तपकिरी अक्रोडाच्या टरफलाचा.

खडीसाखर
आणि 'सगळं नैसर्गिक रंगात' म्हणून विकतात ते खरं कसं ओळखायचं? भिंतीवर कोचिनीलची वाटी ठेवली की आतला माल पण तसलाच असतो असं थोडंच आहे.

धोटा
बरोबर शंका. डोळ्याने शंभर टक्के ओळखता येत नाही, हे आधी मान्य करा. पण:

ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासा. रंग आला तर नीट पक्का केलेला नाही, मग तो नैसर्गिक असो वा पुडीतला कृत्रिम.

एकाच रंगाचा मोठा पट्टा बघा. नैसर्गिक रंगात रंगवायची खेप बदलली की छटा किंचित सरकते. मीटरभर पट्टा छापल्यासारखा एकसारखा असेल तर पुडीचा असण्याची शक्यता जास्त.

लोकर की अॅक्रिलिक: काठावरचा एक सुटा तंतू मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

गालिचा जमिनीवर पसरा, भिंतीवर टांगलेला कधी घेऊ नका. कडा लाटांसारख्या उठत असतील किंवा कोपरे वळत असतील तर ताण असमान होता, तो घरी जाऊन बसत नाही. दोन लांब कडा एकमेकांवर दुमडून लांबी जुळते का बघा.

पुडीच्या रंगाचा गालिचा वाईट नसतो. फक्त तो पुडीच्या किमतीत घ्यावा. प्रामाणिक विणकर स्वतः दोन ढीग वेगळे दाखवतो, आणि तीच सगळ्यात चांगली परीक्षा.

सह्यकडा
वाटाड्याचं कमिशन असतं का?

नकाशेवाला
बहुतेक ठिकाणी असतं, मागावर आणि भट्टीवर दोन्हीकडे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तिथली पद्धत आहे. उपाय एवढाच: गाडी ठरवताना थांबे तुम्ही नावानिशी लिहून द्या आणि ताशी किंवा दिवसाच्या ठोक भाड्यावर ठरवा. 'तुम्ही दाखवाल ते' म्हटलं की रस्त्यालगतच्या मोठ्या शोरूमलाच गाडी थांबते. गावात आत, चर्चच्या मागच्या गल्ल्यांत घरोघरी माग आहेत. त्या चर्चच्या भिंती पण बघा, जुन्या झापोतेक देवळाचे कोरीव दगड त्यात बसवलेत.

पहिली_धार
आता भट्टी. इथल्या भाषेत पालेन्के.

मेस्काल होतं अगावेपासून. बांधावर लावतो ते घायपात याच कुळातलं. पानं छाटून उरलेला अननसासारखा गड्डा वापरतात. सगळ्यात जास्त लागवड एस्पादीन जातीची, ६ ते ८ वर्षांत तयार. रानटी तोबाला १० वर्षांच्या पुढे, तेपेस्ताते २५ वर्षांच्या आसपास. एक लिटरला साधारण १० किलो गड्डा लागतो. एस्पादीनचा एक ५० किलोचा गड्डा म्हणजे पाच लिटर. तोबालाचा गड्डा लहान, एकातून लिटरभर निघाला तरी पुष्कळ. किमतीत तिप्पट-चौपट फरक इथून येतो, बाटलीच्या काचेतून नाही.

भट्टीवर पाच टप्पे असतात आणि ते एकाच दिवशी सगळे चालू नसतात. म्हणून वर म्हटलं, आधी विचारा.

भाजणं: जमिनीत शंकूसारखा खड्डा, अडीच-तीन मीटर खोल. खाली ओक किंवा मेस्कीतचं लाकूड, वर दगड. दगड लाल झाले की त्यावर ओल्या चोथ्याचा थर, मग चिरलेले गड्डे, वर पुन्हा चोथा, चटया किंवा ताडपत्री, आणि माती. तीन ते पाच दिवस. चोथ्याचा थर विसरला किंवा पातळ पडला तर खालचे गड्डे करपतात, आणि तो कडवटपणा पुढे कितीही गाळलं तरी जात नाही. मातीत फट राहिली तर हवा आत शिरते, एका बाजूला जाळ होतो आणि दुसरी बाजू कच्ची. कच्च्या गड्ड्यातली साखर लांब साखळ्यांत बांधलेली असते. भाजून ती सुटली नाही तर यीस्टला खाताच येत नाही, आंबवण अर्धवट राहते. भाजलेला तुकडा चघळायला देतात, उसासारखा चोखून चोथा थुंकायचा. कच्च्याला मात्र हात लावू नका, रसाने त्वचेला खाज सुटते.

चुरणं: घोडा किंवा बैल ओढतो ते दगडी चाक. किल्ल्यांवर चुन्याची घाणी बघितली असेल तर हुबेहूब तीच.

आंबवणं: लाकडी पिंपं, चोथ्यासकट, हवेतलं यीस्ट. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत दहापर्यंत. कान लावला तर आवाज येतो. तो थांबला आणि वरची चोथ्याची टोपी खाली बसली की तयार. दोन दिवस उशीर झाला तर आंबट होऊन व्हिनेगरकडे जातं.

गाळणं दोनदा. पहिल्या खेपेचं पातळ, सुमारे २०-२५ टक्के. दुसऱ्या खेपेत तीन भाग करतात: पुन्तास म्हणजे पहिली धार (हो, तीच आपली पहिल्या धारेची), मधलं काळीज, आणि कोलास म्हणजे शेपटी. पहिली धार ६०-७० टक्क्यांची, झोंबरी आणि सुगंधी. शेपटी पाणचट, थोडी आंबूस. तिन्हींच्या मिश्रणातून ४५-५० वर आणतात. कारागिराचं कसब या मिश्रणात आहे, तिथे घाई करू नका आणि फोटोसाठी त्याला हलवू नका.

मोती, म्हणजे अल्कोहोलची चाचणी: मेस्काल बोरूच्या नळीने वर ओढून वाटीत सोडतात. बुडबुड्यांची माळ टिकली तर साधारण ४५ ते ५५ टक्के. कमी असेल तर लगेच विरते, फार जास्त असेल तरीही.

रसायन_मास्तर
एक दुरुस्ती आधीच घालतो, कारण कुणीतरी लिहिणारच. 'पहिली धार फेकली की मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) गेलं' हा समज चुकीचा आहे. अगावेतल्या पेक्टिनमुळे थोडं मिथेनॉल होतंच आणि गाळताना ते सगळ्या भागांत विखुरतं. मेक्सिकोच्या सरकारी मानकात त्याची मर्यादा १०० मिलि शुद्ध अल्कोहोलमागे ३०० मिलिग्रॅम आहे. मोत्यांवरून, रंगावरून, चवीवरून ते कळत नाही, फक्त प्रयोगशाळेत कळतं. म्हणून बिनलेबलची प्लास्टिक बाटली रस्त्यावरून घेऊ नये, भट्टीवर समोर गाळताना बघून घेणं वेगळं.

पहिली_धार
मान्य. आता लेबल, कारण फसगत तिथे होते.

२०१६ च्या मानकात तीन वर्ग आहेत. नुसतं 'मेस्काल': यात प्रेशर कुकर, यंत्र, स्तंभ-गाळणी सगळं चालतं. 'आर्तेसानाल': खड्डा किंवा दगडी भट्टी, थेट जाळावर तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात गाळलेलं. चुरायला छोटं यंत्र चालतं. 'आन्सेस्त्राल': खड्ड्यातच भाजायचं, दगडाने किंवा मोगरीने चुरायचं, मातीच्या मडक्यातच गाळायचं. लेबलवर वर्ग, अगावेची जात, गाव, कारागीर, लॉट आणि अल्कोहोल (३५ ते ५५ टक्के) लिहिलेलं असावं. जात आणि वर्ग न लिहिलेलं, वर अळी टाकलेलं आणि ३८ टक्क्यांचं असेल तर ते पर्यटकांसाठी.

'देस्तिलादो दे अगावे' लिहिलं असेल तर ते नकली नव्हे. कागदपत्रांचा खर्च टाळून काही उत्तम कारागीर ते नाव वापरतात. पण मग बनवणारा ओळखीचा हवा.

सोनेरी रंगाला भुलू नका. रेपोसादो दोन महिन्यांच्या पुढे, आन्येहो वर्षाच्या पुढे लाकडात ठेवलेलं. अगावेची चव लाकडाखाली दबते, म्हणून तिथले लोक बिनरंगाचं पितात.

चव: एस्पादीनपासून सुरू, रानटी शेवटी, पुन्तास सगळ्यात शेवटी आणि नखभर. घोट नाही, ओठ ओले. दर चवीनंतर पाणी आणि संत्र्याची फोड. १५ मिलिच्या सहा चवी म्हणजे ४८ टक्क्यांचं ९० मिलि, आपल्या दीड लार्जहून जास्त. वर वाहाका खोरं १५०० मीटरच्या वर आणि दिवसभर ऊन. रिकाम्या पोटी कुणीही करू नये, आणि गाडी चालवणाऱ्याला एकही नाही.

खडीसाखर
शाकाहारींसाठी, नीट वाचा:

संत्र्यासोबतचं लालसर मीठ म्हणजे साल दे गुसानो, त्यात अगावेवरची अळी वाळवून दळलेली असते. साधं मीठ मागा. पेचुगा नावाचं मेस्काल गाळताना भांड्यात कोंबडीचा छातीचा तुकडा टांगतात, ते टाळा. काहींत फक्त फळं घालतात, विचारून घ्या.

जेवणात: त्लायुदा ही मोठी कडक भाकरी शाकाहारी दिसते पण तिच्यावर आसिएन्तो म्हणजे डुकराच्या चरबीचा साका लावतात. काळ्या घेवड्याची उसळ पण बऱ्याचदा चरबीत. मोले (मिरची-मसाल्यांचा दाट रस्सा) बहुतेक कोंबडीच्या पाण्यात. सांगायचं वाक्य: 'सिन आसिएन्तो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' (आसिएन्तो, चरबी, कोंबडीचं पाणी नको). नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं तर मांसाचे तुकडे काढतात, चरबी राहते. सुरक्षित: केसिओ चीजची केसादिया, भोपळ्याची फुलं, चरबीशिवायची त्लायुदा चीज घालून, फळं.

नकाशेवाला
दुरुस्ती: चीजचं नाव केसियो. दोरीसारखं गुंडाळलेलं मिळतं ते.

खडीसाखर
बोटं घसरली, धन्यवाद.

चिरेबंदी
दुसऱ्या दिवशी मोन्ते आल्बान घ्या, शहरापासून नऊ-दहा किमी, सकाळी. त्याच दिवशी दक्षिणेला सान बार्तोलो कोयोतेपेक गावची काळी माती (काळी चकचकीत भांडी) जोडता येते. तिची चमक रंगाची नाही. अर्धवट वाळलेलं मडकं गारगोटीने घोटतात आणि भट्टीत हवा कोंडून भाजतात. ही पद्धत तिथल्या कुंभारीण दोन्या रोसा यांनी १९५० च्या दशकात रुळवली. लक्षात ठेवायचं ते एवढंच: चकचकीत भांडं कमी आचेवरचं असतं, पाणी झिरपतं. पाणी-मेस्काल ठेवायला न घोटलेलं, करडं, टणटण वाजणारं भांडं घ्या.

रसायन_मास्तर
बाटल्या आणण्याबद्दल. विमानात २४ ते ७० टक्क्यांची दारू चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत, दुकानातल्या सीलबंद बाटलीत. ७० च्या वर अजिबात नाही, म्हणजे पुन्तासची बाटली घेताना आकडा बघा. भारतात माणशी २ लिटर शुल्कमुक्त. अमेरिकेतून परतणार असाल तर तिथे पहिल्या विमानतळावर सामान काढून पुन्हा द्यावं लागतं. ड्यूटी फ्रीची हातातली बाटली त्याच वेळी मोठ्या बॅगेत टाका. बुचाभोवती चिकटपट्टी, मग मोज्यात, पण गालिच्यात गुंडाळायची नाही! फुटली तर दोन्ही गेले.

व्हिसाचं: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

सह्यकडा
सगळं धरून आराखडा असा करतोय. ७.४५ शहर सोडायचं. मित्ला उघडताना, दीड तास. त्लाकोलुलाला जेवण. दुपारी तेओतित्लान, दोन तास, रंगाचं प्रात्यक्षिक आणि आधी ठरवलेलं एक घर. चार वाजता रस्त्यालगतची भट्टी. तुले जाताना खिडकीतून. येर्वे नाही. रविवार धरलाय कारण त्लाकोलुलाचा बाजार रविवारी असतो.

पहिली_धार
रविवारी बाजार खरा, पण बऱ्याच भट्ट्या त्या दिवशी थंड असतात आणि मित्लाला स्थानिकांना प्रवेश मोफत असल्याने गर्दी. बाजार हवा की भट्टी, एक ठरवा. भट्टी हवी तर मंगळ ते शुक्र. आणि चारला पोचाल तेव्हा गाळणं संपून भांडी धुतलेली असतील. फोनवर सांगा, दुसरी खेप दुपारी लावतात का.

धोटा
तेओतित्लानला पण अंधार पडायच्या आत. रंग ट्यूबलाइटखाली बघून घेतलेला गालिचा घरी दुसराच निघतो. दारात, उन्हात नेऊन बघा.

सह्यकडा
बुधवार केला. भट्टीला आदल्या दिवशी सकाळी दहाला फोन करून विचारतो आणि पाकीट शाकाहारी जोडीकडे देतो, ते दोघं पीत नाहीत.